परत मालवण?

सुट्टीचा मेल टाकला की आमच्या टीममध्ये एक ठरलेला संवाद होतो. "कुठे?" "मालवण." "परत??" त्या 'परत'मध्ये जो सूर असतो ना, तो साधारण 'अजून विंडोज सेव्हन वापरतोस?' असा असतो. म्हणजे दया, आश्चर्य आणि थोडंसं 'पगार कमी पडतो का रे?'

तर मंडळी, आजचा वीकएंडचा विषय हाच. पाच वेळा झालं. 2019 चा डिसेंबर, मग कोविडचं एक वर्ष सोडून 2021 ते 2024 दर डिसेंबर. देवबागेतली तीच घरगुती खोली, तोच किनारा, मालवणच्या बाजारातली तीच खाणावळ (नाव सांगणार नाही, आधीच पाऊण तास थांबावं लागतं), तीच सुरमईची थाळी. आता सहाव्यांदा जातोय. आणि मला वाटतं की हे जे चाललंय ते अगदी बरोबर चाललंय. निदान चुकीचं तरी नाही.

आधी विरुद्ध पक्षाची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. शिवाय ती माझ्याच धंद्यातल्या गणितानं मांडता येते. मशीन लर्निंगवाल्यांना 'मल्टी-आर्म्ड बँडिट' माहीत असेल. जुगाराची बरीच यंत्रं समोर आहेत, कुठलं किती पैसे देतं ते ठाऊक नाही आणि खेळायला मोजकी नाणी आहेत. मग नवी यंत्रं तपासत बसायचं, की त्यातल्या त्यात बरं निघालेलं यंत्र धरून ठेवायचं? याचं ढोबळ उत्तर असं की नाणी भरपूर शिल्लक असतील तोवर शोधा, संपत आली की धरून ठेवा. म्हणजे म्हातारपणी मालवण आणि तरुणपणी बाली, व्हिएतनाम, अंदमान, काय ते. मी 28 वर्षांचा आहे. वर्षाच्या 22 रजांमधून दिवाळी, दोन लग्नं, एक आजारपण आणि गावच्या दोन फेऱ्या वजा केल्या की सलग पाच दिवसांची एक सुट्टी उरते. अशा अजून तीसेक सुट्ट्या धरा. तीस नाणी. गणित सरळ सांगतं, बाबा रे, शोध.

पण या गणितात एक गृहीतक लपलेलं आहे. यंत्र तेच असेल तर त्याच्याकडून मिळणारं दान आपण किती वेळा खेळलो यावर अवलंबून नसतं, हे ते गृहीतक. गावांचं आणि किनाऱ्यांचं तसं नसतं. माझ्या पाच फेऱ्यांत सगळ्यात कमी मिळालं ते पहिल्या फेरीत!

पहिल्या वेळी मी 'समुद्र' पाहिला. मी ईटचा, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. (हो, ईटच. हिंदीवाले 'ईंट का जवाब पत्थर से' हा विनोद करून झाले आहेत, नवीन काही असेल तर कळवा :-) ) आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि टँकर. त्यामुळे पहिल्यांदा तीन दिवस मी नुसता 'बापरे, केवढं पाणी' करत फोटो काढले. ते फोटो आणि इतर कोट्यवधी लोकांचे फोटो यात काडीचा फरक नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मला भरती-ओहोटी कळली. वाचून माहीत होती, कळली नव्हती. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त आत येतं, जास्त बाहेर जातं. म्हणजे पौर्णिमेच्या आसपास गेलात तर सकाळी फिरायला मोकळं वाळवंट मिळेल की सगळी वाळू पाण्याखाली असेल, हे कॅलेंडर पाहून सांगता येतं. देवबाग ही जमिनीची एक अरुंद पट्टी आहे, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं ओहोटीला वाळूचं एक बेट वर येतं. त्याला लोक 'त्सुनामी आयलंड' म्हणतात, 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं बोटवाले सांगतात. पहिल्यांदा गेलेला माणूस ते बेट 'बघतो'. परत परत गेलेल्याला दिसतं की बेटाचा आकार दर वर्षी वेगळा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रापण मला चौथ्या फेरीत नीट पाहायला मिळाली. एक लांबच लांब जाळं होडीनं अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पाच-पंचवीस माणसं मिळून ओढत आणतात. पर्यटक व्हिडिओ काढतात. मीही आधी काढले होते. चौथ्या वेळी एका आजोबांनी 'नुसतो बघतस काय, धर' म्हणून दोर हातात दिला. अर्ध्या तासात हाताची सालं निघाली आणि शेवटी वाट्याला मूठभर पेडवे आले. हा अनुभव कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

आता हे फक्त मलाच होतंय असं नाही. शिकागो विद्यापीठातल्या एड ओब्रायन यांचा 2019 चा एक शोधनिबंध आहे. त्यांनी लोकांना तेच प्रदर्शन, तोच सिनेमा, तोच व्हिडिओ गेम दुसऱ्यांदा अनुभवायला लावला. आधी विचारलं, किती मजा येईल? लोकांचा अंदाज असा की दुसऱ्यांदा कंटाळा येणार. प्रत्यक्षात अंदाजापेक्षा बरीच जास्त मजा आली, कारण पहिल्या खेपेला बरंच काही नजरेतून सुटलेलं असतं आणि सुटलंय हेच आपल्याला माहीत नसतं. थोडक्यात, 'बघून झालं' हे वाक्य आपण फार लवकर म्हणतो.

मला तर वाटतं, दर सुट्टीला नवी जागा पाहिजे ही कल्पनाच मुळात ताजी आहे. आमच्या आजीनं आयुष्यात समुद्र पाहिला नाही, पण तिची वर्षाची सहल चुकत नसे. येरमाळ्याची येडाईची जत्रा, चैत्र पौर्णिमेला. तिथं चुन्याचे खडे वेचायचे, पालखी बघायची, दरसालच्याच झाडाखाली दरसालच्याच चार बायकांबरोबर भाकरी सोडायची आणि दरसालच्याच दुकानातून बांगड्या भरायच्या. तिला कुणी 'परत येरमाळा?' असं विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. पंढरपूरला जाणाऱ्याला कुणी 'मागच्या वर्षीच तर पाहिलास ना विठोबा' असं म्हणतं का? मे महिन्यात आजोळी जाणारी पोरं, गणपतीला आणि शिमग्याला रेल्वेच्या दारात लटकून कोकणात जाणारे चाकरमानी, हे सगळे त्याच जागी परत जाणारे लोक. फरक इतकाच की चाकरमान्याचं तिथं घर आहे, देव आहे, भाऊबंदकी आहे. माझं मालवणात काहीही नाही. मी ती जागा निवडलेली आहे. कदाचित म्हणूनच ऑफिसात ते विचित्र वाटत असावं.

बाकी ऑफिसातल्या 'नव्या' जागांचं नावीन्यही गमतीशीरच असतं. जानेवारी 2024 मध्ये एका आठवड्यात आमचा अख्खा फ्लोअर मालदीव सोडून लक्षद्वीपवर आला. परमिट लागतं हे कळल्यावर आणखी एका आठवड्यात परत थायलंडवर गेला. चौघं जण वेगवेगळ्या वर्षी बालीला जाऊन आले आणि चौघांचा त्याच झोपाळ्यावरचा तोच फोटो आहे. मग एकाच माणसानं पाच वेळा मालवणला जाणं आणि पाच माणसांनी एकेकदा त्याच झोपाळ्यावर बसणं, यात कंटाळवाणं काय? असो.

एक मात्र मान्य करतो, परत जाण्याचे दोन प्रकार आहेत. माझ्या ओळखीचं एक जोडपं दर पावसाळ्यात लोणावळ्याजवळच्या त्याच रिसॉर्टला जातं, आत शिरतं, दोन दिवस पोहतं आणि बाहेर येतं. रिसॉर्ट उचलून चंद्रावर ठेवलं तरी त्यांना चालेल. ही विश्रांती आहे, वाईट नाही, पण मी ज्याबद्दल बोलतोय ते हे नव्हे. 1984 मध्ये गिटेल्सन आणि क्रॉम्प्टन या दोघांनी 'लोक त्याच जागी सुट्टीला का जातात' यावर एक पेपर लिहिला होता. त्यात कारणं दिली आहेत ती अशी: धोका कमी, आपल्यासारखीच माणसं भेटतात, जागेशी जीव जडलेला असतो, मागच्या वेळी राहिलेलं बघायचं असतं आणि ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दाखवायची असते.

शेवटच्या कारणापायी 2022 ला मी आई-अण्णांना घेऊन गेलो. आईचा आधीचा सूर, "दरसाल तेच पाणी बघायला एवढे पैसे घालता व्हय रं?" अण्णा काहीच बोलले नाहीत. समुद्रानं ते फारसे हललेही नाहीत. बोटीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. कुरटे बेटावरचा हा किल्ला, 1664 ला शिवाजी महाराजांनी काम सुरू केलं, 1667 ला पुरं झालं. लोक तटबंदी बघतात, शिवराजेश्वराचं मंदिर बघतात, महाराजांच्या हातापायाचे ठसे बघतात. अण्णा अडकले ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड पाण्याच्या विहिरी. वाकून बघितलं, पाणी मागून घेऊन चाखलं आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. "आन आपल्याकडं सहाशे फूट खाली गेलं तरी फुफाटा," एवढंच म्हणाले. मी त्या किल्ल्यावर त्याआधी दोनदा जाऊन आलो होतो. विहिरी पाहिल्या होत्या, फोटोही होता. पण आमच्या जिल्ह्यात पाऊस सरासरी सात-साडेसातशे मिलीमीटर आणि सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर, हे आकडे पाठ असलेला मी आणि तो पाऊस न पडलेली वर्षं शेतात काढलेले अण्णा, आमच्या बघण्यात फरक होताच. तेव्हापासून किल्ल्यावर गेलो की मी आधी विहिरीवर जातो.

आता दुसरी बाजू, जी परत जाणारेच लोक टाळतात. परत जाणाऱ्याला जागा बदललेली खपत नाही! रिचर्ड बटलर नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकानं 1980 मध्ये पर्यटनस्थळाच्या आयुष्याचे टप्पे मांडले होते. आधी तुरळक लोक शोधत येतात, मग गावकरी खोल्या देऊ लागतात, मग वाढ, मग गर्दी, मग साचलेपण आणि मग एकतर उतार नाहीतर नवी पालवी. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून 1997 ला जाहीर झाला. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, 2021 ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. तारकर्ली-देवबाग या साखळीत कुठं आहे ते तुम्हीच ठरवा. मला पाच वर्षांत दिसलेलं सांगतो. 2021 ला गेलो तेव्हा त्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळानं मोडलेली माडं अजून पडून होती. देवबागेत समुद्र किनारा खातोय आणि लोक दगडांच्या बंधाऱ्यासाठी मागणी करतायत, हे दर वर्षी ऐकतो. पाण्यातल्या खेळांच्या बोटी वाढल्या. मे 2022 मध्ये स्कूबा करून परतणारी एक बोट तारकर्लीत उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यानंतरच्या डिसेंबरात सगळ्यांच्या अंगात लाईफ जॅकेट होतं. 2023 च्या डिसेंबरात राजकोटावर महाराजांचा नवा पुतळा होता, 26 ऑगस्ट 2024 ला तो कोसळला, त्या डिसेंबरात गेलो तर जागा रिकामी. 2025 मध्ये नवा पुतळा उभा राहिलाय, तो अजून बघायचाय. थाळीतली सुरमईची तुकडी लहान आणि भाव मोठा होत चाललाय. रापणकर म्हणतात पर्ससीन आणि एलईडीवाले मासा ठेवतच नाहीत. पर्ससीनवर राज्य सरकारनं फेब्रुवारी 2016 मध्ये निर्बंध घातले, दिवे लावून मासेमारीला केंद्रानं 2017 मध्ये बंदी केली. रात्री किनाऱ्यावर बसलात की दूरवर उजेड दिसतो, त्यातला कुणाचा कसला ते मला ओळखता येत नाही. रापणकरांना येतं.

एकदाच येणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. त्याच्यासाठी मालवण हे असंच होतं आणि असंच आहे. म्हणून मी म्हणतो की परत जाणारी माणसं जागेला लागतात. पण त्यातूनच एक रोगही होतो. खाणावळीत एक डोंबिवलीचे काका भेटतात, पंधरा वर्षं येतायत. त्यांचं एकच पालुपद, "आधी हे असं नव्हतं. कौलं होती, आता बघा सगळा स्लॅब." एकदा मालकीणकाकूंनी सोलकढी वाढता वाढता त्यांना ऐकवलं, "कौलां परतूक माणसां मिळणत नाय. पावसाच्या आधी तुमी येतल्यात वर चडूक?" काका गप्प. मी काकूंच्या बाजूनं आहे. पुण्या-मुंबईत बाराव्या मजल्यावर राहायचं, वर्षाला पाच दिवस येऊन कौलारू घर मागायचं, आणि ते शाकारायचा खर्च आणि त्रास दुसऱ्यानं करायचा, हे काही बरोबर नाही. परत जाणाऱ्याचा त्या जागेवर हक्क नसतो. ओळख असते, बस. काकू मला 'इलंस? यंदा आवशीक घेवन इलंस नाय?' म्हणतात, हीच माझी सगळी कमाई. बिलात सवलत नाही मिळत, मागतही नाही.

आणि एक गोष्ट, जी या सगळ्या गणितात मला नीट बसवता येत नाही.

पुण्याहून मालवण साधारण पावणेचारशे किलोमीटर. कोल्हापूरच्या पुढे डिसेंबरात रस्त्याच्या कडेला उसानं भरलेले ट्रॅक्टर असतात आणि शेताच्या बांधांना कोप्या पडलेल्या असतात. त्यात बीडचे लोक असतात तसे आमच्या भूम-परांड्याकडचेही असतात. माझ्या शाळेतला एक मित्र बायकोबरोबर दसरा झाला की निघतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता चालवायचा आणि पाडव्याच्या आसपास परत यायचं. मुकादम बदलला तर कारखाना बदलतो, नाहीतर दर वर्षी तोच पट्टा, कधी कधी तेच रान. 2024 ला जाताना त्याला फोन केला, रस्त्यालाच होता म्हणून थांबलो. कोपीसमोर चहा झाला. विचारलं त्यानं, "कुठं चाललायस?" मी म्हटलं मालवण. "मागल्या साली बी तिकडंच गेलतास न्हवं? काम हाय का तिकडं?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच वाटलं की काम असणार. माणूस दरसाल त्याच लांबच्या गावी कशाला जाईल दुसऱ्या कशासाठी? बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, नाही रे, असंच, फिरायला. तो म्हणाला, "बरंय की." आणि मग बैलांचं, पोराच्या शाळेचं बोलत बसलो. पोरगं यंदा आजीजवळ गावातच ठेवलं होतं, शाळा बुडू नये म्हणून.

मालवणला पोचल्यावर मजा आली नाही असं काही लिहिणार नाही. आली. ओहोटी सकाळची होती, रापण होती, सुरमई होती. पण 'परत जाणं चांगलं' असं मी जेव्हा म्हणतो तेव्हा ते निवडून परत जाण्याबद्दल म्हणतो, हे तिथं चहा पिताना पहिल्यांदा शब्दांत आलं. 2025 च्या सप्टेंबरात आमच्याकडे एवढा पाऊस झाला की भूम-परांड्यात शेतं पाण्याखाली गेली. सोयाबीन गेलं, कित्येकांची मातीसुद्धा वाहून गेली. पाण्यासाठी आयुष्य काढलेल्या तालुक्यात पाण्यानं हे केलं. अण्णांना घरी थोडे पैसे पाठवले, मालवणचं बुकिंग रद्द करतो म्हटलं, तर तेच म्हणाले, "तू न गेल्यानं रान वाळणार हाय का? जा." मित्रानं यंदा दसऱ्याची वाट बघितली नाही, आधीच निघाला.

तर जातोय. या वेळी कोल्हापूरच्या पुढे थांबायचंच आहे, पोराला वह्या-पुस्तकं हवीत असं तो म्हणाला होता, ती घेतली आहेत. आईला विचारलं, येतेस का? ती म्हणाली काकूंना आपल्याकडचा खवा घेऊन जा, भूमचा आहे म्हणून सांग.

आणि बायकोनं अट घातलीय की पुढच्या वर्षी अंदमान. यूट्यूबवर तिनं स्वराज द्वीपचा तो राधानगर किनारा सतरा वेळा पाहिलाय. मी हो म्हटलंय. अडचण एवढीच की तो आवडला तर तिथंही दरसाल जावं लागेल, आणि रजा तेवढ्याच आहेत.